एका आठवड्याचे संपादक : रेव्ह. चार्ल्स शेल्डन

वर्तमानपत्र उघडावे तर पहिल्या पानावर खून, दरोडे, लाचलुचपत आणि अपघात. जगात चांगले काही घडतच नाही काय, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून नेहमी ऐकू येतो. संडेस्कूलमधील मोठी मुलेही तो विचारतात. प्रश्न जुनाच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका पाळकांनी तो नुसता विचारला नाही, तर स्वतः संपादकाच्या खुर्चीवर बसून त्याचे उत्तर शोधण्याचा यत्न केला. त्यांचे नाव रेव्ह. चार्ल्स मन्रो शेल्डन. त्यांच्या ह्या उद्योगाविषयी ज्यांनी ओझरते ऐकले आहे, त्यांची समजूत अशी असते की, त्यांनी वाईट बातम्या गाळल्या आणि गोडगोड तेवढ्या छापल्या. हे खरे नाही. त्यांच्या हाती आलेल्या पहिल्याच अंकात, पहिल्या पानाच्या माथ्यावर, त्या वर्षीची एक अत्यंत भयंकर बातमी होती; आणि ती बातमी आपल्या देशाची होती.

शेल्डन यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८५७ रोजी न्यू यॉर्क राज्यातील वेल्सव्हिल येथे झाला. वडील रेव्ह. स्ट्युअर्ट शेल्डन हे काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक. चार्ल्स लहान असतानाच हे कुटुंब पश्चिमेकडे डकोटा प्रांतात यँक्टनजवळ जाऊन राहिले. तेथे सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर ओंडक्यांचे घर बांधायचे, माळरान फोडायचे, गुरे राखायची, अशा कष्टांत त्यांचे बालपण गेले. शिक्षणासाठी ते पुन्हा पूर्वेकडे आले. १८८३ साली ब्राऊन विद्यापीठाची पदवी आणि १८८६ साली अँडोव्हर येथील ईश्वरविज्ञानाचे शिक्षण पुरे करून त्यांनी व्हरमाँट राज्यातील वॉटरबरी येथे पाळकपण पत्करले. १८८९ च्या आरंभी कॅन्सस राज्याची राजधानी टोपीका येथे नव्याने स्थापन होत असलेल्या सेंट्रल काँग्रिगेशनल मंडळीने त्यांना बोलावले. मंडळीला तेव्हा मंदिरही नव्हते. एका दुकानाच्या माडीवर उपासना चाले.

टोपीकात आल्यावर ह्या तरुण पाळकांनी जे केले ते पुष्कळांना चमत्कारिक वाटले. मंदीचे दिवस होते. शेल्डन यांनी जुने कपडे चढवले आणि बेकार मनुष्य म्हणून गावात काम मागत हिंडले. दुकाने, कोठारे, कारखाने पालथे घातले, पण धडधाकट माणसालाही काम मिळेना. त्यानंतर त्यांनी ठरवून आपल्या गावातील निरनिराळ्या थरांतील लोकांबरोबर एकेक आठवडा काढला: ट्रामगाडीवरील कामगार, विद्यार्थी, रेल्वेचे लोक, वकील, डॉक्टर, व्यापारी. ह्या यादीत वर्तमानपत्रात काम करणारेही होते. म्हणजे पुढे दहा वर्षांनी ते ज्या जागी जाऊन बसणार होते, ती जागा त्यांनी आधी वार्ताहरांसोबत फिरून पाहिलेली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वर्तमानपत्रवाल्यांना दुरूनच शिव्या देणारे पाळक त्या काळीही कमी नव्हते.

त्यांच्या मंदिराजवळच टेनेसीटाउन नावाची वस्ती होती. दक्षिणेतील गुलामगिरी संपली तरी छळ संपला नाही, म्हणून १८७९-८० च्या सुमारास हजारो काळे लोक कॅन्ससमध्ये आले. त्यांतील काही ह्या वस्तीत राहत. तेथे शेल्डन यांनी एक नव्हे, तीन आठवडे काढले. काळ्या माणसाला कोणत्या दुकानात काम मिळत नाही आणि कोणत्या दारातून आत घेत नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिले. १८९३ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे मुलांसाठी बालवाडी सुरू झाली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस काळ्या मुलांसाठी निघालेली ती पहिली बालवाडी, असे मानले जाते. ह्या बालवाडीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेस तरुण मंडळी येत नसत. शेल्डन यांनी उपदेशाऐवजी गोष्ट वाचायला घेतली. दर रविवारी एक प्रकरण वाचायचे आणि ऐन रंगात थांबायचे, म्हणजे पुढच्या रविवारी मंदिर भरलेले! १८९६ साली अशीच वाचलेली गोष्ट म्हणजे त्यांची जगप्रसिद्ध कादंबरी ‘त्याच्या पावलांवर’. गोष्ट सर्वांना थोडीफार ठाऊक आहे. एक बेकार छापखाना-कामगार भर उपासनेत उभा राहून मंडळीला प्रश्न करतो आणि तेथेच कोसळतो. त्यानंतर पाळक आपल्या लोकांना विनंती करतात की, एक वर्षभर कोणतेही काम करण्यापूर्वी, माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते, हे स्वतःस विचारून मगच ते करावे. शिकागोच्या एका साप्ताहिकात ही गोष्ट क्रमशः छापली गेली. त्या वेळी कायदेशीर नोंदणीत चूक राहिल्यामुळे लेखकाचा हक्क टिकला नाही. ज्याला वाटेल त्या प्रकाशकाने पुस्तक छापले आणि लाखो प्रती खपल्या. लेखकाच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही.

आपल्या विषयाशी ज्याचा संबंध आहे ते ह्या कादंबरीतील एक पात्र: दैनिकाचे संपादक एडवर्ड नॉर्मन. वचन घेतल्यानंतर सोमवारी कचेरीत बसतात, तो पहिलीच परीक्षा समोर येते. आदल्या दिवशी पैशांची मुष्टियुद्धाची लढत झालेली असते आणि तिचे तीन-साडेतीन कॉलमांचे वर्णन छपाईस तयार असते. नॉर्मन ते काढून टाकतात. संध्याकाळी रस्त्यावर पेपर विकणारी पोरे परत येतात, कारण गिऱ्हाइके लढतीची बातमीच मागत असतात. पुढे दारू-तंबाखूच्या जाहिराती जातात, रविवारचा अंक बंद होतो, उत्पन्न घसरते. शेवटी एक श्रीमंत बाई पाच लाख डॉलर देऊन हे पत्र वाचवते. कादंबरीत अशी बाई मिळते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

१८९९ साली डेट्रॉइट येथे ख्रिस्ती एन्डेव्हर संघाचे मोठे अधिवेशन भरले. तेथे शेल्डन यांनी अशी कल्पना मांडली की, कोणा धनिकाने पैसा पुरवला तर ख्रिस्ती तत्त्वांवर चालणारे दैनिक काढून पाहावे. धनिक पुढे आला नाही; पण त्यांच्याच गावच्या ‘टोपीका डेली कॅपिटल’ ह्या पत्राचे प्रमुख मालक फ्रेडरिक पोपनो यांनी एक सूचना केली. नवे पत्र कशाला? आमचेच पत्र एक आठवडाभर पूर्णपणे तुमच्या हाती देतो. काय घ्यायचे, काय टाकायचे ते तुम्ही ठरवा. पोपनो भाविक होते, तसे धंद्यातही तरबेज होते. त्यांनी देशभर जाहिरात केली, एन्डेव्हर संघांमार्फत वर्गणीदार मिळवले, आणि एरवी सुमारे ११ हजार खपणाऱ्या ह्या पत्राची मागणी साडेतीन लाखांच्या वर गेली! टोपीकातील यंत्रांना हा भार झेपेना, म्हणून शिकागो व न्यू यॉर्क येथेही अंक छापावे लागले.

संपादकाचे नेमके काम काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दैनिकाच्या टेबलावर रोज जितका मजकूर येतो, त्याचा फार थोडा भाग छापला जातो. तारेने आलेल्या बातम्या, वार्ताहरांचे कागद, लोकांची पत्रे, ह्या ढिगातून बहुतेक सारे टोपलीत जाते. म्हणून संपादकाचा मोठा अधिकार लिहिण्यात नसून निवडण्यात आहे. काय घ्यावे, कोणत्या पानावर घ्यावे आणि किती ओळी द्याव्यात, ह्या तीन गोष्टींवर वाचकाला जग कसे दिसेल हे ठरते. १९६५ साली योहान गाल्टुंग आणि मारी रूगे ह्या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी, परदेशच्या कोणत्या घटना बातमी होतात याविषयी एक निबंध लिहिला, तो आजही पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. त्यांचे म्हणणे असे की, घटना एकाएकी घडलेली असावी, वाईट असावी, बड्या राष्ट्राची किंवा बड्या माणसाची असावी आणि वाचकाच्या ओळखीच्या जगातली असावी, म्हणजे ती चटकन बातमी होते. हळूहळू घडणारी गोष्ट निसटते. मूल वाढते ते बातमी होत नाही, मूल विहिरीत पडले की होते. संपादक दुष्ट असतात म्हणून असे घडते, असे नव्हे. दैनिक रोज निघते आणि रोज नवे काही मागते, हे त्याचे मोठे कारण.

ही दृष्टी मनात ठेवून पाहिले म्हणजे उपासमारीची गत कळते. दुष्काळ एका दिवसात पडत नाही. पाऊस हुकतो, विहिरी आटतात, गुरे मरतात, दागिने आणि भांडी विकली जातात, माणसे गाव सोडतात, आणि मग मरू लागतात. ह्यांतील कोणत्या दिवशी त्याची बातमी करावी? १८९९ साली आपल्याकडे पाऊस गेला. गुजरात, काठेवाड, बडोदे संस्थान, राजपुताना, मध्य हिंदुस्थान, मध्य प्रांत आणि दख्खन ह्या सर्व भागांवर संकट आले. गुजरातेत त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होता. बडोदे आणि इंदूरकडील आपल्या जुन्या घराण्यांतून त्याच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या दैनिकांना मात्र तेव्हा दुसरे पुष्कळ विषय होते. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांचे युद्ध ऐन भरात होते. शेल्डन यांच्या आठवड्यातच लॉर्ड रॉबर्ट्स यांची फौज ब्लूमफाँटेनमध्ये शिरली. न्यू यॉर्कमध्ये हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या पत्रांची भडक बातम्यांची चढाओढ चालू होती.

मंगळवार १३ मार्च १९०० रोजी शेल्डन यांचा पहिला अंक निघाला. त्यात अग्रस्थान मिळाले ते हिंदुस्थानातील दुष्काळाला. युद्धाला नाही, राजकारणाला नाही, गावच्या भानगडीला तर नाहीच. बातमी दूरची होती, गरिबांची होती, आणि तिच्यात त्या दिवशी नवे असे काही घडलेले नव्हते. नेहमीच्या मोजमापाने ती आतल्या पानावर चार ओळींची. शेल्डन यांनी तिला पहिल्या पानावर आणून वाचकांजवळ मदत मागितली. साडेतीन लाख प्रतींच्या पत्रात हे छापले गेले, याचे महत्त्व निराळे सांगायला नको.

कॅन्सस हे मक्याचे राज्य. तेथून दुष्काळपीडितांसाठी मका आणि पैसा गेला. ह्या कामात न्यू यॉर्कचे ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे साप्ताहिक आघाडीवर होते. त्याने लोकांकडून निधी जमवला, आणि १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचे जहाज सुमारे २ लाख बुशेल मका, म्हणजे सुमारे पाच हजार टन धान्य, घेऊन न्यू यॉर्कहून मुंबईस निघाले. हे सारे धान्य एकट्या शेल्डन यांच्या लेखामुळे आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अनेक मंडळ्या आणि अनेक पत्रे तेव्हा ह्या कामात होती. इकडे ही मदत वाटण्याच्या समितीचे चिटणीस होते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. रॉबर्ट ह्यूम. हे मिशनही काँग्रिगेशनल पंथाचेच, म्हणजे शेल्डन यांच्याच मंडळ्यांनी चालवलेले. ह्यूमसाहेबांना पुढे सरकारने ह्या सेवेबद्दल कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो मुली केडगावी आणल्या त्या ह्याच दुष्काळात.

त्या आठवड्यात टोपीकाच्या कचेरीत आणखी काय झाले? सिगारेट, दारू आणि शिवीगाळ यांना बंदी झाली. देशभरातून तमाशा पाहायला आलेल्या बातमीदारांना ह्याचीच फार मौज वाटली. लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे असा दंडक घातला गेला, म्हणजे जो लिहील तो जबाबदार. जाहिराती शेल्डन स्वतः तपासत. दारू, तंबाखू आणि हमखास गुण देणारी म्हणून विकली जाणारी पेटंट औषधे यांच्या जाहिराती परत गेल्या. स्त्रियांच्या कमरपट्ट्याचे चित्र असलेली जाहिरातही नाकारली गेली. (हे शेवटचे मला जरा जास्तच वाटते, पण पाळकांचा स्वभाव!) नाटके, मुष्टियुद्धे, बड्यांच्या मेजवान्या यांना जागा मिळाली नाही. गुन्ह्यांच्या बातम्यांना त्यांनी पूर्ण चाट दिली नाही. गुन्हा घडला हे थोडक्यात सांगावे, रक्तामांसाचे वर्णन करू नये, आणि त्यामागचे कारण व त्यावरचा उपाय यांना जागा द्यावी, असे त्यांचे धोरण होते. कॅन्ससमध्ये १८८१ पासून दारूबंदी होती आणि तरीही चोरून गुत्ते चालत. ह्या विषयावर ते सडकून लिहीत. म्हणजे वाईट गोष्ट त्यांनी झाकली नाही. वाचकाने वाचून चुटपुट लावून घ्यावी की काही करावे, एवढाच त्यांचा निकष होता.

रविवारी कोणास काम पडू नये म्हणून रविवारचा अंक त्यांनी काढला नाही. त्याऐवजी शनिवारी १७ मार्चला संध्याकाळी एक अंक निघाला, त्यात बायबलमधील उतारे आणि धार्मिक वाचन होते. तेथे प्रयोग संपला.

आता त्याची दुसरी बाजू. देशातील पुष्कळ पत्रांनी ह्या आठवड्याची यथेच्छ थट्टा केली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. बातमी कमी आणि उपदेश फार, असा एक आक्षेप होता. धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता. ज्याला सकाळी जगात काय झाले हे हवे असते, त्याला शनिवारच्या त्या अंकातून काय मिळणार? दुसरा आक्षेप अधिक खोल होता. साडेतीन लाख लोकांनी हे पत्र घेतले ते बव्हंशी कुतूहलाने, नवलाची वस्तू म्हणून. ज्या जाहिरातबाजीवर शेल्डन यांचा रोख होता, तिच्याच जोरावर त्यांचे पत्र खपले. आठवडा संपला, शेल्डन आपल्या मंदिरात परतले, आणि पत्र पूर्वीच्याच वळणावर, पूर्वीच्याच लोकांच्या हाती गेले. त्यांच्या वाट्यास आलेला नफा शेल्डन यांनी दानधर्मात दिला. कादंबरीतील श्रीमंत बाई टोपीकात भेटली नाही. एक आठवडा कोणीही चालवील. वर्षानुवर्षे चालवायचे तर कामगारांचे पगार, कागदाची बिले आणि सोमवारी लढतीची बातमी मागणारे गिऱ्हाईक, ह्या सर्वांना तोंड द्यावे लागते. शेल्डन यांच्या पाच दिवसांनी ह्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. आठ वर्षांनी, १९०८ साली, बोस्टनमध्ये मेरी बेकर एडी यांनी ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ काढले. त्यांचे धर्ममत आपल्या मंडळ्यांना मान्य नाही, तरी भडकपणा टाळूनही पत्र दीर्घकाळ चालवता येते, हे त्यांच्या पत्राने दाखवले हे मान्य करावे लागेल.

असे असूनही त्या पहिल्या पानाची किंमत माझ्या मते कमी होत नाही. चांगल्या आणि वाईट बातम्यांचा समतोल म्हणजे एका पारड्यात खून आणि दुसऱ्यात पुष्पप्रदर्शन, अशी शेल्डन यांची समजूत नव्हती. उपाशी माणसाची बातमी सुखद नसते. ती कोणाच्या नजरेस पडावी आणि किती मोठ्या अक्षरांत, हा प्रश्न त्यांनी निवडीचा केला. आपण सुवार्ता हा शब्द रोज उच्चारतो. पण वाईट वार्ता गाळली की उरते ती सुवार्ता, असे त्या आठवड्यातील त्यांचे अंक सांगत नाहीत.

शेल्डन यांनी १९१९ साली पाळकपणाची जबाबदारी सोडली, आणि १९२० पासून १९२५ पर्यंत ते संपादक झाले. पत्र कोणते? ‘ख्रिश्चन हेरल्ड’च, ज्याने मुंबईस मका धाडला होता. ह्या वेळी आठवडा नव्हे, पाच वर्षे. तेथेही त्यांनी दारूबंदी आणि जागतिक शांतता हे आपले विषय लावून धरले. २४ फेब्रुवारी १९४६ रोजी टोपीका येथे त्यांचा अंत झाला. एकोणनव्वदावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

टेनेसीटाउनच्या त्या बालवाडीत एलायशा स्कॉट नावाचा एक मुलगा होता. शेल्डन यांच्या उत्तेजनाने तो शिकला आणि टोपीकात नामांकित वकील झाला. आपल्या एका मुलाचे नाव त्याने चार्ल्स शेल्डन स्कॉट असे ठेवले. तोही वकील झाला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याविरुद्ध टोपीकातील पालकांनी जो दावा लावला, त्यात त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तो होता. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, आणि दुसऱ्या दिवशी तो देशभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता.